कुकरमध्ये शिजवलेली माती

माती कुकरमध्ये शिजवली की घरभर तुंबलेल्या मोरीसारखा वास येतो. मातीच्या वासाबद्दल लोक जे लिहितात ते कुकर उघडून लिहिलेलं नसतं. मी पाच शिट्ट्या केल्या आणि खात्री वाटेना म्हणून आणखी तीन. मग ती माती जुन्या चादरीवर पसरून, वर पातळ फडकं टाकून, दोन दिवस गच्चीत वाळवली. लेकीच्या दुधाच्या बाटलीची मी एवढी काळजी घेतली नव्हती. शिजवलेली माती पुन्हा उघड्यावर वाळवली तर शिजवण्याला अर्थ राहत नाही, हे मात्र त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात आलं नाही.

ती माती अंटार्क्टिकाला जायची होती.

माझा नवरा डिझेल जनरेटर दुरुस्त करतो. मी त्याला घरात ‘अहो’ म्हणते, लिहिताना तेवढी गरज वाटत नाही. आपल्या देशाचं तिकडे जे संशोधन स्थानक आहे, तिथे उजेड, पाणी आणि ऊब या तिन्ही गोष्टी जनरेटरवर चालतात. त्यामुळे शास्त्रज्ञांच्या बरोबरीने मेकॅनिकही लागतात. कारखान्याने याचं नाव पाठवलं, तपासण्या झाल्या आणि सव्वा वर्षासाठी निवड झाली. मांजरी गावच्या ऊस लावणाऱ्या घरातला माणूस पुणे स्टेशनपलीकडे जायचं म्हटलं तरी दोन दिवस आधी पिशवी भरणारा, आणि तो निघाला बर्फात राहायला.

ऊस तोवर राहिला नव्हता. खराडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यात काम करणाऱ्यांना घरं हवी झाली, आणि मांजरीतली शेतं एकेक करून गेली. आमचंही गेलं. मोबदल्यात पैसे आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या बारा मजली इमारतीत दोन फ्लॅट, एक दिरांना आणि सगळ्यात वरचा आम्हाला. मी त्या फ्लॅटमधून रोज स्कूटरवर खराडीला जात असे. म्हणजे ज्यांच्या सोयीसाठी शेत गेलं त्यातली मी एक. याचं मला तेव्हाही काही वाटलं नाही. वेळेवर पोचणं महत्त्वाचं होतं.

जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी शेतातली काळी माती दोन पत्र्याच्या डब्यांत भरून घेतली. नवरात्रात घट बसवायला माती लागते. पत्रावळीवर माती पसरून तिच्यात धान्य पेरायचं, मध्ये पाण्याचा घट ठेवायचा आणि नऊ दिवस पाणी घालायचं. आता बाजारात पिशवीतली माती मिळते, पण सासूबाईंच्या मते ती माती नव्हे, भुसा. सासरे गेल्यापासून घट नवराच बसवत होता, थोरला म्हणून. तो सव्वा वर्ष नाही म्हटल्यावर, एकदा तो कामावर गेलेला असताना, त्यांनी त्याच्यासाठी डब्यातली दोन ओंजळी माती वेगळी काढली.

“घरचा घट मी बसवीन. पर ह्याचा ह्यानं तिथं बसवायचा. एक साल चुकलं न्हाई आजवर.”

“आई, तिकडे माती न्यायला परवानगी नाही.”

“का? त्यांच्याकडं हाय का माती?”

“नाही. म्हणूनच.”

“मग तर न्यायलाच पायजे.”

मी मातीसाठी रिकामा डबा शोधायला उठले. सासूबाईंशी वाद बहुतेकदा असाच संपायचा.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. परदेशी कंपन्यांच्या यंत्रांची सुरक्षापुस्तकं आमच्याकडे तपासायला येत. दोन-तीनशे पानांचं पुस्तक वाचून त्याचं एका पानात सार काढायचं, म्हणजे वरच्या साहेबाला बाकीचं वाचावं लागत नाही, हे माझं काम. मी त्यात चांगली होते. घरातही तसंच चाले. विम्याचे कागद, सोसायटीचे नियम, लेकीच्या शाळेची पत्रकं, सगळ्यांचं मी सार काढायची आणि नवरा ते वाचून सही करायचा. तो इंग्रजी वाचत नाही असं नाही. सावकाश वाचतो, आणि मला सावकाशीचा कंटाळा आहे.

मोहिमेच्या तयारीत त्याला एक जाडजूड पुस्तिका मिळाली. तो खंड कुणाच्या मालकीचा नाही. अनेक देशांनी मिळून करार केला आहे, आणि तिथे काय न्यायचं, काय आणायचं, कचरा किती वेगळा करायचा, पेंग्विनपासून किती अंतर ठेवायचं, सगळं त्या कराराखाली ठरतं. मी पुस्तिका दोन संध्याकाळी वाचली आणि मराठीत एक पान काढून दिलं. बुटांचे तळवे घासून धुवायचे. कपड्यांच्या शिवणीतलं गवताचं बी चिमट्याने काढायचं. उरलेलं सगळं परत आणायचं, अगदी राखसुद्धा.

एक कलम मी त्या पानात घेतलं नाही. निर्जंतुक न केलेली माती नेऊ नये आणि खाण्याव्यतिरिक्त कोणतंही उगवणारं बी नेऊ नये, हे ते कलम.

विसरले नव्हते. नवरा नियमाचा माणूस आहे. हेल्मेट न घातलेल्या माणसाला तो मशीनला हात लावू देत नाही, मग तो मॅनेजर असला तरी. त्याला कळलं असतं तर त्याने माती नेलीच नसती, आणि सासूबाई सव्वा वर्ष माझ्याकडे बघत बसल्या असत्या. मी विचार केला, नियम निर्जंतुक न केलेल्या मातीबद्दल आहे. ती निर्जंतुक करता येते. कुकर आहे. धान्य काय, तिकडच्या स्वयंपाकघरात पोत्यांनी जातं. फॉर्मवर मी माती या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, बियाणं या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, आणि इतर सामानात लिहिलं, पूजेच्या साहित्याचा एक डबा.

“वाचून बघा,” मी म्हटलं.

“तू वाचलंस ना? मग झालं,” तो म्हणाला आणि सही केली.

तो गेला. महिन्यातून दोनदा उपग्रहाच्या फोनवर बोलणं होई. आवाज उशिरा पोचायचा, त्यामुळे दोघंही एकदम बोलायचो आणि दोघंही एकदम गप्प बसायचो. नवरात्रात त्याने स्टीलच्या ताटात घट बसवला, जनरेटरच्या खोलीत, कारण तिथेच ऊब होती. चौथ्या दिवशी गव्हाचे कोंब आले. नऊ-दहा महिने त्या माणसांनी झाड सोडा, शेवाळाखेरीज हिरवं काही पाहिलं नव्हतं. केरळचा डॉक्टर रोज येऊन ताटासमोर खुर्ची टाकून बसायचा म्हणे. दसऱ्याला सगळ्यांनी लोकरीच्या टोप्यांत एकेक तुरा खोवला. त्याचा फोटो आमच्याकडे आहे. दाढ्या वाढलेली सगळी माणसं, आणि प्रत्येकाच्या कानावर गव्हाची दोन पाती.

उरलेला घट पाण्यात सोडायचा असतो. तिथे पाणी सगळं गोठलेलं. त्याने ताट तसंच फडक्यात बांधून बाहेर शेडमध्ये ठेवलं आणि उन्हाळ्याची, म्हणजे आपल्या डिसेंबरची, वाट बघितली. स्थानकाजवळ बर्फ वितळून एक ओढा वाहतो. तिथे आधी दोनदा राहून गेलेला आचारी त्याला म्हणाला, की पूर्वी हा ओढा थोडेच दिवस वाहायचा, आता लवकर सुटतो आणि थांबता थांबत नाही. पिण्याच्या पाण्याचं तळं खालच्या अंगाला होतं. त्यात घाण जाऊ नये म्हणून नवऱ्याने ओढ्याच्या काठी दगडांमध्ये एक खोलगट जागा बघितली, जिथे पाणी फक्त स्पर्श करून जाईल, आणि तिथे माती, कोंब, न उगवलेले दाणे, सगळं ठेवून नमस्कार केला.

“विसर्जन केलं,” त्याने फोनवर सांगितलं. “आईला सांग.”

ते कलम मला त्याच क्षणी आठवलं. काढून घ्या, पिशवीत भरा, परत आणा, एवढं म्हणायचं होतं. पण मग आधी का नाही सांगितलंस, हे आलं असतं. मी म्हटलं, “बरं केलंत.” माझे शब्द त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत जी दोन-तीन सेकंदं गेली, तेवढ्यात मी दुसरं काही बोलू शकले असते.

तो परत आला तेव्हा वेगळा झाला होता असं मी म्हणणार नाही. भाजी आणायला विसरत होता, तसाच विसरत होता. पण त्याला पुन्हा जायचं होतं. एरवी त्याने कधीच काही मागितलं नव्हतं. नोकरी वडिलांनी ठरवली, लग्न काकांनी, जमीन विकायचं दिरांनी. हे एकच त्याचं स्वतःचं होतं. वाऱ्यात पाच दिवस बाहेर पडता येत नाही आणि तेव्हा जनरेटर एकदाही बंद पडू द्यायचा नाही, हे सांगताना तो ज्या आवाजात बोलायचा तो आवाज मी लग्नाच्या इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. हिवाळ्यात त्यांचा जो प्रमुख होता त्याने लिहून दिलं होतं, की पुढच्या तुकडीत हाच मेकॅनिक हवा. निघण्याची तारीख यायची तेवढी बाकी होती. नवऱ्याने लोकरीचे मोजे धुऊन ठेवले होते.

त्या करारात एक रीत आहे. कोणताही देश दुसऱ्या कोणत्याही देशाचं स्थानक येऊन तपासू शकतो. दार बंद करता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात अशी एक परदेशी तुकडी आमच्या स्थानकावर आली, डिझेलच्या टाक्या बघितल्या, कचऱ्याचे डबे बघितले आणि ओढ्याच्या काठाने चालत गेली. तिकडे काही कुजत नाही. माती ठेवली तशी होती, कोंब वाळून उभे होते, आणि न उगवलेल्या दाण्यांतले दोन उगवले होते.

फोटो आमच्याकडे ईमेलने आला. दगड, काळ्या मातीचा एक चुरा, दोन हिरवी पाती, आणि शेजारी मोजायला ठेवलेली पट्टी. बारा मजल्यांखाली गेलेल्या शेतातली ती माती मी लगेच ओळखली असं म्हणायला छान वाटलं असतं. मी आधी पट्टी वाचली. पाती माझ्या करंगळीएवढी होती.

सोबतच्या पत्रात म्हटलं होतं, की हे कसं झालं याचा लेखी खुलासा संबंधिताने आठ दिवसांत द्यावा, त्यानंतर पुढील मोहिमेतील निवडीबाबत निर्णय होईल.

नवऱ्याने पत्र दोनदा वाचलं, सावकाश. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “माती न्यायची नव्हती?”

“नव्हती.”

“तू दिलेल्या कागदात नव्हतं.”

“नव्हतं.”

तो चिडेल याची मी वाट बघितली. तो उठला, गॅलरीत गेला, कपडे काढून आणले आणि घड्या घालायला बसला. घड्या घालताना म्हणाला, “मग तसंच लिहू. पुस्तिका वाचली नव्हती, सही केली, चूक झाली. खरं ते.”

“अजिबात नाही,” मी म्हटलं. “न वाचता सही केली हे लिहून कुणी देतं का? आमच्याकडे असं लिहून दिलं तर माणूस त्याच दिवशी घरी.”

“पण वाचली नव्हती.”

“अहो, मी रोज हेच बघते. न वाचणारा माणूस कुणाला नको असतो. तुम्ही वाचलं होतंत, नियम माहीत होता, पण घरची रीत म्हणून थोडी माती निर्जंतुक करून नेली, विसर्जनाची जागा चुकली, असं लिहायचं. विचार करून केलेली चूक. त्याला लोक मान देतात.”

“माझ्या आईला मध्ये आणू नकोस.”

“नाही आणत. मलाही नाही आणत.”

“तुला कशाला आणतील,” तो म्हणाला. खवचटपणे नाही. त्याला खरंच वाटत होतं की मला आणायचं कारण नाही.

पत्र मी लिहिलं. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या पत्रांपैकी ते एक आहे. नियम मी काळजीपूर्वक वाचले होते, हे पहिलंच वाक्य. कुणाशीही सल्लामसलत न करता मी स्वतः निर्णय घेतला, हे दुसरं. त्याने सही केली. या वेळी वाचून केली.

दोन ओळींचं उत्तर कारखान्यात आलं. निवड रद्द. कारण दिलं नव्हतं. नवरा त्या दिवशी नेहमीच्या वेळेला घरी आला, मोजे कपाटातून काढून वरच्या माळ्यावर टाकले आणि मला म्हणाला, “तुला इंग्रजीत नीट विचारता येईल. नक्की कशामुळे, एवढं विचार. वजन असेल तर कमी करतो.”

मी फोन केला. इंग्रजीची गरज पडली नाही. पलीकडचे अधिकारी पुण्याचेच निघाले, निवृत्तीला आलेले, शब्द मोजून बोलणारे. मी कोण ते सांगितलं आणि कारण विचारलं.

“बाई, पत्र वाचलं तुमच्या यजमानांचं. उत्तम पत्र आहे,” ते म्हणाले. “तेच कारण.”

“म्हणजे?”

“न वाचता सही करणारे आमच्याकडे निम्मे असतात. त्यांना आम्ही आठवडाभर बसवून सगळं समजावतो आणि पाठवतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत वरिष्ठांची तयारी तशीच होती, त्यांचं काम चांगलं आहे म्हणून. पण त्यांनी लिहून दिलं की वाचलं होतं, कळलं होतं, तरी केलं. वाचून केलेल्याला मी काय शिकवणार?”

मी पत्राची प्रत उघडून पहिलं वाक्य पुन्हा वाचलं.

“शिवाय आम्हाला वर्षाच्या बैठकीत उत्तर द्यायचं होतं. सगळे देश बसतात. आमची व्यवस्था चोख आहे, एका माणसाने जाणून केलं, असं त्याच्याच सहीने आहे. आमचं काम सोपं झालं.”

मला राग आला, आणि राग आला की मी व्यवहाराचं बोलते. मी विचारलं, की तिथे पर्यटकांनी भरलेली जहाजं येतात, समुद्रातून माशांचं खाद्य उपसून नेतात, बर्फ वितळतंय ते सगळ्या जगाच्या डिझेलमुळे, त्याबद्दल त्या बैठकीत काय झालं.

“चर्चा झाली. एकमत झालं नाही. एक जरी देश नको म्हणाला तरी ठराव होत नाही,” ते म्हणाले. मग त्याच सुरात, “तुमच्या मातीवर मात्र लगेच एकमत झालं.”

माझा त्या नियमाला विरोध नाही, हे इथे सांगते. तो तपासणी अहवाल मी नंतर सगळा वाचला, सार न काढता. बर्फ मागे हटतंय आणि त्याखालून उघडी जमीन निघते आहे, तिथे पूर्वी बाहेरचं बी पडलं तर मरून जायचं, आता मरेलच याची खात्री नाही, असं त्यात लिहिलं होतं. उघडी पडलेली जमीन आधी पोचेल त्याची होते, हे मांजरीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. दोन पाती म्हणजे काही नाही, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. आमच्याकडेही पहिल्यांदा फक्त दोन माणसं आली होती, जमीन मोजायची टेप घेऊन.

फोन ठेवून मी बाहेर आले. नवरा जेवणाच्या टेबलापाशी उभा होता. बसला नव्हता.

“काय म्हणाले?”

खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तुम्ही म्हणत होतात तसं लिहिलं असतं तर पाठवणार होते. मी लिहिलं म्हणून नाही पाठवलं. दोन वाक्यं, एका पानाचीही गरज नव्हती. सासूबाई आत झोपल्या होत्या, लेक क्लासला गेली होती, घरात ऐकणारं कुणी नव्हतं.

“वयाचं म्हणाले,” मी म्हटलं. “तरुण माणूस हवाय त्यांना. तंदुरुस्तीचे नियम कडक झालेत.”

“मातीचं नाही?”

“मातीचं मिटलं.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं. तंदुरुस्ती म्हणजे दुरुस्त करता येणारी गोष्ट.

दुसऱ्या दिवशी त्याने केस काळे करून घेतले. कपाळाला डाग पडले ते आठवडाभर गेले नाहीत. संध्याकाळचा भात सोडला. सकाळी साडेपाचला उठून बारा मजले चढायला लागला, लिफ्टच्या शेजारचा जिना, खालून वर तीनदा. शेजारी विचारतात तेव्हा सांगतो, पुढच्या तुकडीसाठी. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दर वर्षी अर्ज करतो, दर वर्षी उत्तर येत नाही, आणि तो म्हणतो, श्वास अजून लागतो, ते त्यांना तपासणीत कळत असणार.

त्याची वेळ मी मोजते. तो तळमजल्यावरून हाक मारतो, मी घड्याळाचं बटण दाबते आणि दारात उभी राहून वाट बघते. आठव्या मजल्यापासून त्याचा श्वास ऐकू येतो. काल आधीच्या दिवसापेक्षा चार सेकंद कमी लागले. मी ते त्याला सांगितलं.